यंत्राचा स्वर आणि रागाची श्रुती : सिंथेसायझरवर काम करणाऱ्या दोन कलावंतांचा विचार

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासलेखनात घराण्यांना स्थान आहे, गायक-वादकांच्या चरित्रांना स्थान आहे आणि अलीकडे ध्वनिमुद्रणाच्या तंत्रालाही स्थान मिळू लागले आहे. परंतु एखादे नवे वाद्य हाती आल्यावर त्या कलावंताने त्याविषयी काय विचार केला, त्या वाद्याने त्याला कोठे अडवले व कोठे वाट दाखवली, याची नोंद आपल्याकडे फारशी होत नाही. सिंथेसायझर या वाद्याच्या बाबतीत तर ही उणीव विशेष जाणवते. हे वाद्य चित्रपटसंगीतात, जाहिरातींत, लग्नाच्या मांडवात सर्वत्र पोहोचले. त्यावरची चर्चा मात्र 'अस्सल की कृत्रिम' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

प्रस्तुत लेखात दोन कलावंतांच्या कामाचा एकत्र विचार करावयाचा आहे. एक, मुंबईचे चरणजित सिंग. त्यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर वाजवून 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. दुसरे, न्यूयॉर्कचे ला माँट यंग. त्यांनी मारियान झझीला यांच्या समवेत 'ड्रीम हाउस' नावाचे ध्वनी व प्रकाश यांचे मांडणशिल्प उभे केले. म्हणजे अशी एक खोली, की जिच्यात श्रोता सिंथेसायझरच्या अखंड स्वरांच्या आत वावरतो. ही दोन कामे एकमेकांना अपरिचित होती. तथापि दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे, आणि तो सर्वप्रथम मुंबईत वा न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर सांगली-मिरजेच्या परिसरात गेल्या शतकाच्या आरंभी तपशिलाने विचारला गेला होता, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

पेटीचा वाद

यंत्राचा स्वर आधीच ठरलेला असतो. रागाचा स्वर गाताना ठरतो. या विरोधाची जाणीव मराठी संगीतविश्वाला पेटीमुळे झाली. संगीत नाटकाने पेटी व ऑर्गन आपलेसे केले होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पण ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झाले होते, त्यांना पेटीचा गंधार खटकत असे. याचे कारण भौतिक आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून पाचवा स्वरांश उमटतो, तोच स्वयंभू गंधार होय. शास्त्रीय मोजमापात तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंट इतक्या अंतरावर येतो. पेटीच्या बारा समान पट्ट्यांमधील गंधार ४०० सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. तंबोरा चालू असताना तो लपत नाही. यमन आणि भूप या दोन्ही रागांत गंधार हाच वादी स्वर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या चौदा सेंटांचे मोल कळते.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध केला. त्यांच्या श्रुतिप्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे सहकार्य होते. ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने 'श्रुतिपेटी' तयार झाली. पेटी टाकून देण्याऐवजी पेटीच रागाच्या मापाने घडवावी, ही देवलांची भूमिका होती. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत या पेटीचे प्रात्यक्षिक झाले, पण जमलेल्या गुणीजनांचे समाधान झाले नाही. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती अंशतः उठवली. या बंदीची कथा सर्वांना ठाऊक आहे. देवलांची मात्र विस्मृतीत गेली. वास्तविक देवलांचाच प्रश्न अधिक मूलगामी होता. यंत्राला नाकारणे सोपे असते. यंत्राने कोणत्या मापाने बोलावे हे ठरवणे कठीण, आणि सिंथेसायझर आल्यावर नेमके तेच पुन्हा पुढे ठाकले.

चरणजित सिंग : पाळीवरचा वादक

चरणजित सिंग (१९४०-२०१५) हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक होते. गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर अशी अनेक वाद्ये ते वाजवीत. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब, महालक्ष्मीचे फेमस या ध्वनिमुद्रणगृहांत शेकडो वादक रोज पाळीवर येत, समोर ठेवलेली स्वरलिपी वाजवीत आणि निघून जात. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे असत, वादकांची क्वचितच. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे या जगाचा सुसंगत इतिहास उपलब्ध झाला. नवी वाद्ये मुंबईत आली तीही बहुधा याच वादकांच्या खर्चाने व हौसेने. केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर आणून चित्रपटसंगीतात रुळवला. 'रूप तेरा मस्ताना' या गाण्यातला त्यांचा अकॉर्डियन घराघरांत ऐकला गेला, वादकाचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक होते.

याच्या उलट चित्र अहमदाबादेत होते. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे काम केले. संस्थेचे पाठबळ होते, म्हणून टेपची रिळे तरी अभिलेखागारात राहिली. ती तेथे अनेक दशके दुर्लक्षित पडून होती. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांनी ती शोधून काढली आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. मुंबईच्या वादकापाशी ना संस्था होती, ना अभिलेखागार. त्याचे काम टिकायचे तर ते बाजारात विकल्या जाणाऱ्या तबकडीवरच टिकणार होते.

चरणजित सिंगांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची यंत्रे आणली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ हे खर्जाचे स्वर वाजवणारे छोटे यंत्र. जोडीला टीआर-८०८ हे तालयंत्र होते. १९८३ मध्ये मिडी ही सर्वमान्य जोडणी येण्यापूर्वीचा हा काळ आहे. तरीही ही यंत्रे एकाच घड्याळस्पंदावर एकमेकांशी बांधता येत असत आणि एक वादक तीन वादकांचे काम करू शकत असे. 'कुर्बानी' (१९८०) व 'डिस्को डान्सर' (१९८२) या चित्रपटांमुळे डिस्कोची चलती होती. चरणजित सिंगांनी पुढे मुलाखतींत सांगितले, त्याचा आशय असा : डिस्को सगळीकडे वाजत होतेच, तेव्हा त्याच ठेक्यावर राग वाजवावेत आणि तबला बाजूला ठेवावा असे मनात आले; घरी यंत्रे जोडून सराव केला, बरे वाटले, म्हणून ध्वनिमुद्रण केले. ग्रामोफोन कंपनीने ही तबकडी काढली. ती फारशी खपली नाही.

या साध्या निवेदनात एक गोष्ट दडलेली आहे. तबला बाजूला ठेवणे म्हणजे केवळ एक वाद्य बदलणे नव्हे. टीबी-३०३ व टीआर-८०८ यांच्या एका आवर्तात सोळा पायऱ्या असतात, आणि त्रितालाच्याही सोळा मात्रा असतात. हे साम्य मोहक आहे, पण फसवे आहे. त्रितालात खाली आहे. नवव्या मात्रेपाशी डग्गा मुका होतो आणि समेची ओढ तेथून सुरू होते. डिस्कोच्या ठेक्यात चारही ठोके सारख्याच वजनाचे. तेथे खाली नाही, म्हणून समही नाही. केवळ सातत्य आहे. तबला काढताच रागविस्ताराचा आधार असलेली ही ओढ निघून गेली आणि वादकाला तिची भरपाई अन्य मार्गाने करावी लागली. ती त्याने खर्जाच्या आवर्ती स्वरमालिकेतून केली. तबकडी ऐकताना असे वाटते की तंबोऱ्याचे काम आणि ठेक्याचे काम ही दोन्ही टीबी-३०३ ने वाटून घेतली आहेत.

या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. ती कळ दाबली की मिंडीचा भास होतो. पण मिंडीचा वेग व वळण वादक ठरवतो; यंत्राच्या घसरणीला एकच ठरावीक वेळ लागतो, स्वरांतर लहान असो वा मोठे. चरणजित सिंगांनी ही मर्यादा ओळखलेली दिसते. यंत्राची घसरण खर्जात ठेवून रागाचे चलन त्यांनी ज्युपिटरवर हाताने वाजवले. दहा रागांच्या निवडीकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांत भूप, कलावती, मालकंस, बैरागी असे औडव राग आहेत. पाच स्वरांचे हे राग आवर्ती स्वरमालिकेत सहज बसतात आणि समान पट्ट्यांवरही आपला चेहरा राखून असतात. मालकंस तर यंत्रावर अतिशय खुलला आहे. उलट तोडीचा अतिकोमल गंधार पट्टीवर नाहीच. ललतातील दोन मध्यमांची लगट पट्टीवर वाजते, पण त्यांमधील धूसर प्रदेश वाजत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन रागांत तबकडी उणी पडते, आणि हे उणेपण वादकाच्या तयारीचे नसून मापाचे आहे.

देवलांच्या प्रश्नाला चरणजित सिंगांनी दिलेले उत्तर असे सांगता येईल : यंत्राचे माप बदलता येत नसेल, तर त्या मापात जे राग नांदू शकतात त्यांना तेथे नांदू द्यावे.

२०१० मध्ये एका डच प्रकाशनाने ही तबकडी पुन्हा काढली आणि पाश्चात्त्य समीक्षकांना अचंबा वाटला. शिकागोत १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲसिड ट्रॅक्स'पासून ज्या नृत्यसंगीताचा आरंभ मानला जातो, त्याचीच यंत्रे आणि तसाच नाद या मुंबईच्या तबकडीत पाच वर्षे आधी होता. हा कोणीतरी केलेला बनाव असावा, अशीही शंका घेतली गेली. नंतर 'ॲसिड हाउसचा जनक' हे बिरुद चरणजित सिंगांना चिकटले. हे बिरुद गौरवाचे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती असे मानायला आधार नाही, आणि चरणजित सिंगांना नवी नृत्यशैली काढावयाची नव्हती. त्यांनी स्वतः जे महत्त्वाचे मानले ते वेगळेच होते. बाकीच्या तबकड्यांत चित्रपटांची गाणी वाजवली, ही एक मात्र माझी स्वतःची रचना होती, अशा आशयाचे त्यांचे बोलणे आहे. आयुष्यभर पाळीवर दुसऱ्यांचे संगीत वाजवणाऱ्या वादकाचे हे वाक्य आहे. 'प्रथम कोण' या शर्यतीत ते बुडून गेले.

ला माँट यंग : खोलीभर तंबोरा

मिरजेहून न्यूयॉर्कला जाणारा रस्ता किराणा घराण्यातून जातो. अब्दुल करीम खाँ यांचे आप्त अब्दुल वहीद खाँ हे किराण्याचे दुसरे मोठे गायक. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ (१९१८-१९९६) १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, मारियान झझीला व टेरी रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. भीमसेन जोशींच्या गायकीतून किराण्याचा परिचय असलेल्या मराठी श्रोत्याला ही दुसरी शाखा फारशी माहीत नसते. प्राणनाथांच्या गाण्यात अतिविलंबित आलाप आणि तंबोरा जुळवण्याची साधना यांना केंद्रस्थान होते.

यंग यांचा जन्म १९३५ चा, आयडाहो राज्यातील बर्न या खेड्यात, लाकडी ओंडक्यांच्या घरात. आपल्या कलेविषयी बोलताना ते दोन आठवणी वारंवार सांगत आले आहेत : त्या घराच्या फटींतून घुमणारा वारा आणि विजेच्या खांबावरील ट्रान्सफॉर्मरचा अखंड गुणगुणाट. प्राणनाथ भेटण्यापूर्वीच त्यांनी दीर्घ, न थांबणाऱ्या स्वरांचे संगीत रचण्यास प्रारंभ केला होता. तंबोऱ्यात त्यांना आपल्या शोधाची हजारो मैलांवर आधीच घडलेली परिणती सापडली. गुरूच्या तंबोऱ्यांचे केवळ तंबोऱ्यांचेच ध्वनिमुद्रण त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गायन नाही. आपल्याकडे कोणी अशी तबकडी काढली असती तर श्रोत्यांनी 'गाणे कधी सुरू होणार?' असेच विचारले असते.

न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवरील 'ड्रीम हाउस' १९९३ पासून लोकांसाठी खुले झाले. खास घडवलेल्या सिंथेसायझरमधून निघणारे शुद्ध, नेमक्या गुणोत्तरांत बांधलेले स्वर मोठ्या ध्वनिक्षेपकांतून अखंड वाजत असतात. स्वर बदलत नाहीत. पण ध्वनिलहरी भिंतींवर आदळून खोलीत स्थिर होतात. कोठे त्या एकमेकींना बळ देतात, कोठे पुसून टाकतात. त्यामुळे श्रोत्याने मान किंचित वळवली तरी ऐकू येणारा स्वरमेळ बदलतो; स्थिर उभा राहिला की तोही स्थिर. येथे श्रोता स्वतःच वादक होतो. तबला गेला, राग गेला, गायक गेला. उरला तो तंबोरा, तोही तारांवाचून.

यंग यांनी देवलांप्रमाणेच यंत्राचे माप बदलले. समान पट्ट्या त्यांनी नाकारल्या. पण येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. १९६४ पासून विकसित केलेल्या 'द वेल-ट्यून्ड पियानो' या रचनेसाठी त्यांनी जी जुळणी केली, तीत दोन, तीन व सात या अंकांवरची गुणोत्तरे आहेत, पाचावरची नाहीत. म्हणजे ज्या पाचव्या स्वरांशातून तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार निघतो, तोच या जुळणीतून वगळला आहे. गंधार हा किराण्याच्या श्रोत्याचा प्राणप्रिय स्वर. तंबोऱ्यावर इतकी निष्ठा असलेल्या कलावंताने आपल्या सर्वांत मोठ्या रचनेत त्याला दाराबाहेर ठेवावे, याचा अर्थ एवढाच की यंग यांना राग घडवावयाचा नव्हता. देवलांना यंत्र रागाच्या मापाचे हवे होते. यंग यांनी मापाचीच रचना केली. श्रद्धेने घेतलेली वस्तूही घेणाऱ्याच्या हातात वेगळी होते, आणि त्यात काही गैर नाही.

द्रोणागिरीच्या परिसरातून

या दोन कामांचा विचार उरण तालुक्यातील द्रोणागिरी परिसरात बसून करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ('ड्रोन' या इंग्रजी शब्दाचा आमच्या डोंगराशी काहीही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.) करंजाचा डोंगर, मिठागरे आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांच्यामध्ये वसलेल्या आगरी-कोळी गावांत सिंथेसायझर हे काही प्रयोगशाळेतील वाद्य नाही. हळदीच्या रात्री मांडवाच्या कडेला कीबोर्ड, पॅड आणि बेंजो मांडलेले असतात. हा बेंजो म्हणजे वीज जोडलेला बुलबुल तरंग, मुळात टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले जपानी वाद्य. म्हणजे पेटीनंतर पट्टीवाद्यांची आणखी दोन यंत्रे आपल्या मांडवात आली, आणि त्यांवर 'अस्सल की कृत्रिम' असा वाद घालण्यास कोणाला सवड झाली नाही.

कीबोर्डवाला हा चरणजित सिंगांचाच सगोत्र होय. तो रात्रीच्या बोलीवर येतो, यंत्र स्वतः विकत घेतो, कोळीगीतांच्या चालींना कोणता ठेका साजेल हे स्वतः शोधतो, आणि त्याचे नाव पत्रिकेवर नसते. त्याच मांडवात धवलारीण असते. आगरी लग्नातील धवले गाण्याचा मान तिचा. तिच्या गाण्याला तंबोरा नाही, पेटी नाही; तिची पट्टी तिच्या श्वासाने ठरते आणि गाता गाता थोडी चढतेही. आपल्या संशोधनात या दोघांचा विचार दोन निरनिराळ्या खात्यांत होतो. धवलारीण लोकसाहित्यात जाते आणि तिच्या धवल्यांचे शब्द छापले जातात, स्वर नाही. कीबोर्डवाला कोठेच जात नाही.

हे ध्वनिमुद्रण करावयाचे असेल तर दोघांचे एकत्र करावे लागेल, कारण ते एकमेकांच्या कानावर पडत असतात. ध्वनिमुद्रणासोबत वादकाला तीन-चार प्रश्न विचारावेत : यंत्र कोणते, केव्हा व किती रुपयांना घेतले; त्यातील तयार ठेके जसेच्या तसे वापरतो की बदलून; कोणती चाल त्यावर बसत नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धवला चालू असताना काही वादक पट्टी बदलण्याचे बटण दाबून तिचा षड्ज शोधू पाहतात. तो बहुधा दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी असतो. मग काही जण यंत्राच्या आतील सूक्ष्म जुळणीची कळ शोधतात आणि काही जण हात उचलून धवला संपेपर्यंत थांबतात.